पऱ्हाटीला श्रेडर मारताना काकाचं उपरणं शाफ्टात गेलं

दुधनाकाठ | रविवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. हे लिहावं का नको, चार दिवस विचार करायलो. काका म्हणले, लिही, पण माझं नाव टाकू नको, सोयरे हसतील. म्हणून नाव नाही.

सेलू तालुक्यात आमचं चार एकर कपाशीचं रान आहे, ठिबकवरचं. यंदा फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर तीच कपाशी पुढं ठेवून घेतलेलं जादा पीक, ठेवायची नाही हे दसऱ्यालाच ठरलं होतं. गुलाबी बोंडअळीनं मागं जे केलं ते केलं. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून धुऱ्यावर (बांधावर) ढीग लावला तर अळी त्यातच मुक्कामाला राहते, आणि जाळल्या तर रानाला राख सोडून काही मिळत नाही. म्हणून शेजारच्या गावातला श्रेडर बोलावला, ट्रॅक्टरमागं जोडून पऱ्हाट्यांची रानातच कुट्टी करणारं मशीन. ड्रायव्हर बावीस-तेवीसचा पोरगा, पण हात बसलेला.

दोन एकर झकास झालं. तिसऱ्यात धुऱ्याच्या कडेनं मारताना मशीनचा आवाज बसला. ठिबकची एक नळी गोळा करायची राहिली होती, ती रोटरला गुंडाळली. पोरानं मशीन वर उचललं, गाडी न्यूट्रल केली, रेस कमी केली. ट्रॅक्टर चालूच. पीटीओ, म्हणजे शाफ्टातून मागचं मशीन फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, तो पण चालूच. मी पाणी घेऊन येईपर्यंत काका पोचले होते. नळीचं एक टोक लोंबत होतं, ते ओढायला ते ट्रॅक्टर आणि मशीनच्या मधल्या जागेत वाकले. खांद्यावर उपरणं.

नेमकं काय झालं ते मला दिसलं नाही, ऐकू आलं. आसूड ओढल्यासारखा सपकन आवाज. बघतो तर काका गुडघ्यावर, मान वाकडी, उजवा हात शाफ्टकडं. उपरणं जुनं होतं, धुऊन धुऊन विरलेलं, म्हणून मधोमध फाटलं. नवं असतं तर मी आज इथं दुसरंच काहीतरी लिहीत बसलो असतो. मानेवर दोरखंडानं भाजल्यासारखा वळ आणि दोन बोटं मोडली, एवढ्यावर भागलं.

सगळं थांबल्यावर मी शाफ्ट बघितला. कव्हर नाहीच. जॉइंटापाशी जिथं पिन पाहिजे तिथं एक लांब बोल्ट ठोकलेला, नटाच्या पुढं बोटाच्या पेरभर बाहेर आलेला. त्याच्या आट्यात उपरण्याचा एक दोरा बसला होता. काळ्या ग्रीसमधी पांढरा दोरा. रात्री डोळे मिटले की तेवढंच दिसतंय.

तुम्ही लोक कव्हर लावता का? कुठं मिळतं? आणि अजून काय काय बघायला पाहिजे? राहिलेलं दीड एकर मारायचं आहे आणि घरात कुणी तयार होईना.

---

धुऱ्यावरचा | रविवार, रात्री १०.०५

काका बरे आहेत ना आता? बोटांना तार घातली का नुसतं प्लास्टर? जपा त्यांना. दीड एकर कुठं पळून जात नाही.

---

जुनं स्टेअरिंग | रविवार, रात्री १०.३०

वाईट झालं. पण खरं बोलू का? तीस वर्षं ट्रॅक्टरवर आहे. नवीन मशीनबरोबर ते पिवळं-काळं प्लास्टिकचं कव्हर येतं, एका सीझनमधी तडकतं, मग त्याचाच तुकडा फिरत फिरत टणाटणा वाजतो. ग्रीस मारायला गेलं की आडवं येतं. शंभरातल्या नव्वद शाफ्टांना कव्हर नाही. म्हणून काय नव्वद माणसं मेली का? माणसानं चालू शाफ्टाजवळ जायचं नाही, एवढं कळलं की झालं. काकांनी जायला नको होतं.

---

ग्रीसगन | रविवार, रात्री ११.१५

मानवतला माझं छोटं वर्कशॉप आहे, असले शाफ्ट रोज हातात येतात. जुनं स्टेअरिंग दादा, तुमच्या अनुभवाला मान आहे, पण जरा हिशोब करू.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. जॉइंटाची जाडी ८ सेंटिमीटर धरा, घेर झाला साधारण २५. नऊ फेऱ्यांत सव्वादोन मीटर कापड गुंडाळलं जातं, एका सेकंदात. उपरणं केवढं असतं? दोन मीटर. म्हणजे 'अरे' म्हणायच्या आत ते संपतं आणि मागून मान येते. आता म्हणाल रेस कमी होती. बरोबर, तिसऱ्या हिश्श्यावर धरा. मग एकाऐवजी तीन सेकंद. तीन सेकंदांत साठीचा माणूस गाठ सोडवून मागं सरकतो का, ते तुम्हीच सांगा.

आता शाफ्टाचं. कव्हर नसलेला गुळगुळीत शाफ्ट पण कापड ओढतो, पण सगळ्यात वाईट म्हणजे बाहेर आलेला बोल्ट. कंपनीची पिन दाबून बसणारी असते, तिचं डोकं बाहेर राहत नाही. ती हरवली की लोक घरातला सापडेल तो बोल्ट घालतात. तो बोल्ट म्हणजे फिरता गळ आहे, मासे धरायचा.

दुसरी गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. आपल्याकडं एकच मशीन तीन ट्रॅक्टरला जोडतात, आज भावाच्या, उद्या मेव्हण्याच्या. दर ट्रॅक्टरला पीटीओपासून गिअरबॉक्सपर्यंतचं अंतर वेगळं. शाफ्ट लांब पडला तर मशीन उचलताना त्याचे एकात एक सरकणारे दोन्ही पाइप एकमेकांवर दाबून बसतात आणि गिअरबॉक्सची बेरिंग जाते. आखूड पडला तर पाइप एकमेकांत कमी राहतो, आणि एखाद्या खड्ड्यात मशीन खाली गेलं की शाफ्ट सुटतो. सुटलेला शाफ्ट एका टोकाला धरून गरागरा फिरतो, त्याच्या आवाक्यात जे येईल ते जातं. काम करायच्या उंचीला निदान पाइपाच्या लांबीचा तिसरा हिस्सा तरी आत पाहिजे. जोडताना दोन्ही टोकांच्या जॉइंटांचे काटे (दुबेळकी तोंडं) एका रेषेत आहेत का बघा. नसले तर मशीन थरथरतं आणि लोक ब्लेडला शिव्या घालतात.

कव्हर मिळतं, शाफ्टाची लांबी आणि पाइपाचा आकार, त्रिकोणी का चौकोनी, सांगितलं की कुठलाही बरा स्पेअरवाला मागवून देतो. त्याच्याबरोबर दोन छोट्या साखळ्या येतात, त्या फेकून देऊ नका. त्या ट्रॅक्टरला आणि मशीनला अडकवल्या की आतला शाफ्ट फिरतो आणि कव्हर जागेवर राहतं. साखळी नसेल तर कव्हर पण शाफ्टाबरोबर फिरतं, आणि दादा म्हणतात तसं सीझनभरात तडकतं. तुमचं कव्हर वाईट नव्हतं दादा, साखळी लावली नव्हती.

---

जुनं स्टेअरिंग | सोमवार, सकाळी ६.१०

साखळीचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडं ती साखळी पोरांनी कुत्र्याला लावली.

---

मोसंबीची बाग | सोमवार, सकाळी ७.४५

अंबड तालुक्यातून लिहितो. आमच्याकडं श्रेडर नाही, रोटरी स्लॅशर आहे, मोसंबीच्या ओळींमधलं गवत आणि कडेची वेडी बाभूळ कापायला. नवीन लोकांसाठी फरक सांगतो. श्रेडरमध्ये आडवा रोटर आणि त्याला लटकलेली भरपूर पाती असतात. स्लॅशरमध्ये पंख्यासारखं, पत्र्याखाली आडवी फिरणारी दोन जाड पाती, बोल्टवर मोकळी झुलणारी. दगड लागला की पातं मागं दुमडतं, म्हणून लगेच मोडत नाही. पण दगडाचं काय होतं?

ग्रीसगन भाऊंसारखाच हिशोब मी पण केला होता. पाच फुटी मशीन, पात्याचं टोक मध्यापासून अडीच फुटांवर. गिअरबॉक्स पीटीओचा वेग वाढवतो. पातं मिनिटाला हजार फेरे मारतंय असं धरलं तर टोकाचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या घरात जातो. आमच्या जिल्ह्यातून जो समृद्धी महामार्ग गेला त्याच्यावर एवढ्या वेगानं जायला बंदी आहे, आणि आपल्या बागेत गोटे त्या वेगानं उडतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बागेच्या कडेला गड्याची मोटरसायकल उभी होती. मी तिच्यापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब होतो. टण्ण आवाज आला एवढंच. हेडलाइट गेला होता आणि आत लिंबाएवढा गोटा बसला होता. त्या जागी अर्ध्या तासापूर्वी माझी मुलगी डबा घेऊन उभी होती.

मशीनच्या पुढंमागं लोखंडी साखळ्यांची झालर होती, ती मी स्वतः काढून ठेवली होती. उंच गवतात ती अडकते, माल तुंबतो, म्हणून. त्याच दिवशी परत लावली. आता नियम असा की मशीन सुरू असताना आसपास शंभर मीटरवर माणूस नको, जनावर नको. आणि रस्त्याच्या कडेनं मारताना गोटे रस्त्याकडं उडतील अशा बाजूनं जायचंच नाही.

---

वसमतकर | सोमवार, सकाळी ९.२०

कापणी, कुट्टी सगळं ठीक, पण विहिरीचं कुणी बोललं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये नांदेडजवळ आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या आमच्या तालुक्यातल्या बायांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या. ती ट्रॉली होती, श्रेडर नव्हता, पण विहीर तीच, आपल्या सगळ्यांच्या शिवारात आहे तशी, कठडा नसलेली.

उभ्या कपाशीत विहिरीचा काठ दिसत नाही. श्रेडर मारताना ड्रायव्हरची मान अर्धा वेळ मागं असते. काळी माती काठाशी आतून पोकळ झालेली असते, वरून घट्ट दिसते. आमच्याकडं मशीन येण्याआधी काठापासूनची चार-पाच तासं (ओळी) हातानं, कोयत्यानं तोडून मोकळी करतो, म्हणजे ड्रायव्हरला लांबून दिसतं. दोन मजूर लागतात, लागू द्या.

---

एकरानं भाडं | सोमवार, दुपारी १.३०

मी गेवराईकडचा. भाड्यानं मारतो, श्रेडर माझाच, ट्रॅक्टर हप्त्यावर. इथं ड्रायव्हरच्या बाजूनं कुणी बोललं नाही, म्हणून आमची बाजू पण ऐका.

आम्हाला भाडं एकरानं मिळतं, तासानं नाही. तुमच्या रानात दहा वेळा थांबलं तर तेवढंच पैसं, डिझेल मात्र दुप्पट. आणि थांबावं कशानं लागतं? तुमच्या रानातल्या वस्तूंनी. मी या सीझनला रोटरमधून काय काय काढलं सांगू? ठिबकच्या नळ्या तर रोजच्या. खताच्या गोणीची सुतळी. झटका मशीनची (विजेच्या कुंपणाची) तार, ती सगळ्यात हरामखोर, स्प्रिंगसारखी बसते आणि कापताना डोळ्यात येते. बोअरच्या केसिंगचं टोपण. आणि साड्या. रानडुकराला भ्यावं म्हणून धुऱ्यानं जुन्या साड्या बांधता, वाऱ्यानं सुटून ओळीत पडतात. नायलॉनची सहावारी एकदा रोटरला गेली की ती काढायला पाऊण तास, आणि ब्लेडनं काढायला जावं तर हात कापतो. एकदा तर आख्खी पैठणी काठाची निघाली. मालकीण म्हणली, आण इकडं, मधला भाग चांगला असंल.

म्हणून मी आता आदल्या दिवशी फोन करून सांगतो. नळ्या गोळा करा, साड्या-तारा काढा, व्हॉल्व आणि केसिंगपाशी उंच काठी रोवून वर चिंधी बांधा. मी गेल्यावर आधी रानातून एक चक्कर पायी मारतो. साफ नसेल तर दुसऱ्याच्या रानात जातो. पहिल्या वर्षी चार गिऱ्हाइकं तुटली. आता तेच परत येतेत.

आणि दुधनाकाठ भाऊ, एक विचारू? राग मानू नका. पोरानं ट्रॅक्टर बंद का नाही केला?

---

दुधनाकाठ | सोमवार, दुपारी २.१०

राग कसला. मी पण तेच विचारलं होतं. तो काहीच बोलला नाही, खाली बघत बसला.

---

एकरानं भाडं | सोमवार, दुपारी २.२५

मी सांगतो. बॅटरी डाऊन असणार. जाऊन बघा.

---

ग्रीसगन | सोमवार, दुपारी ३.००

शंभर टक्के. माझ्याकडं येणाऱ्या ट्रॅक्टरांत अर्ध्यांचा सेल्फ नीट नाही. सकाळी उतारावर लावलेला असतो, ढकलून चालू करतात आणि मग दिवसभर बंद करतच नाहीत. भुसभुशीत रानात बंद पडला तर ढकलून चालू होत नाही, दुसरा ट्रॅक्टर आणून ओढावा लागतो. मग जेवायला बसले तरी चालू, चहाला गेले तरी चालू, नळी काढायची तरी चालू. कव्हर, पिन, साखळी हे सगळं मी सांगितलं, पण मूळ दुखणं हे आहे आणि माझ्याच डोक्यात आलं नाही.

जाता जाता, दुसरी एक गोष्ट. मशीनवर ओझं आलं की तुटावा म्हणून शाफ्टाला एक मऊ बोल्ट दिलेला असतो, सेफ्टी बोल्ट म्हणतात. तो सारखा तुटतो म्हणून लोक तिथं कडक बोल्ट घालतात. मग बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्सचे दात तुटतात. शे-दोनशे रुपयांचे बोल्ट डब्यात ठेवा, आणि बदलताना चावी काढून.

---

जुनं स्टेअरिंग | सोमवार, संध्याकाळी ७.१५

आता माझं ऐका, मी काल तावात बोललो. माझा एक जुना नेम आहे. पीटीओचा लिव्हर काढला म्हणजे मशीन थांबलं असं नसतं, जड पाती त्यांच्या जोरावर फिरत राहतात. वरून पत्रा असल्यानं दिसत पण नाहीत, आणि कान ट्रॅक्टरच्या आवाजानं भरलेले. तर मी लिव्हर काढतो, इंजिन बंद करतो आणि सीटवरच बसून तंबाखू मळतो. चुना लावायचा, मळायची, झटकायची, ओठात ठेवायची. तोवर सगळं निवांत होतं, मग खाली उतरायचं. तंबाखू खाऊ नका, पण मळायला लागते तेवढा वेळ बसा.

आणि उचललेल्या मशीनखाली हात घालायचा असेल तर हायड्रोलिकवर विश्वास ठेवायचा नाही. सील कधी फुटेल, पोरगं कधी लिव्हरला हात लावील, सांगता येत नाही. माझ्या ट्रॅक्टरमागं बाभळीचे दोन ओंडके कायम बांधलेले आहेत, टेकू द्यायला. लोक हसतात, हसू द्या.

---

निलंग्याची लेक | सोमवार, रात्री ८.५०

वाचत होते, लिहिणार नव्हते. आमच्या घरी श्रेडर नाही, सोयाबीनचं मळणीयंत्र होतं. यांचा डावा हात मनगटापासून गेला, पाच वर्षं झाली. तेव्हा पण यंत्र चालूच होतं आणि अडकलेलं काड हातानं सारायचं होतं. वेगळं काही नाही.

हात गेल्यावरचं सांगते, ते कुणी सांगत नाही. घाईत यांना मोटरसायकलवर मधी बसवून नेलं. तुटलेला भाग तिथंच राहिला, नंतर दिराला आठवलं, तो बर्फाच्या डब्यात तसाच बुडवून घेऊन आला. डॉक्टर म्हणाले थेट बर्फ लागला, उपयोग नाही. तुटलेलं बोट किंवा हात स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा, आणि ती पिशवी बर्फात ठेवायची, हे मला तेव्हा कळलं. जखमेवर स्वच्छ कापडानं जोरात दाबून धरायचं, हळद-माती-चहापत्ती काही लावायचं नाही, आणि १०८ ला फोन.

कागदाचं पण सांगते. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे, २०२३ पासून विमा कंपनी मधी नाही, सरकार सरळ सानुग्रह अनुदान देतं. मृत्यू झाला किंवा दोन हात, दोन पाय, दोन डोळे गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. वय १० ते ७५. अर्जाचं तालुका कृषी अधिकाऱ्याकडं विचारा. आमच्या वेळी दवाखान्यात घाबरून 'पडल्यानं लागलं' असं सांगितलं, तेच कागदावर आलं आणि पुढं सगळं अडकलं. म्हणून पहिल्या दिवशी जे घडलं तेच सांगा, यंत्रात गेला असं लिहून घ्या. सात-बारा ज्याच्या नावावर तो आणि त्याच्या घरातला एक जण यात बसतो. ज्याला शेतच नाही अशा ड्रायव्हरच्या पोराला यातून काही मिळत नाही, त्याचा वाली कोण, ते तुम्हीच ठरवा.

---

धुऱ्यावरचा | सोमवार, रात्री ९.०५

ताई, तुमची पोस्ट मी आमच्या गावच्या ग्रुपवर टाकू का? नाव काढून.

---

निलंग्याची लेक | सोमवार, रात्री ९.१२

टाका भाऊ.

---

गुरुजी हिंगोली | सोमवार, रात्री ९.४०

एक राहिलं. मडगार्डवर बसलेली पोरं. डिसेंबर-जानेवारीत माझ्या वर्गातली दोन-तीन पोरं रोज दांडी मारतात, विचारलं की 'श्रेडर आलता गुरुजी'. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून धूळ खात फिरायची मजा. नांगरावर पोरगं पडलं तर एक वेळ वाचेल, श्रेडरच्या पुढ्यात पडलं तर ड्रायव्हरला ब्रेक लावायला पण वेळ नाही, मशीन चाकाच्या मागंच असतं. ट्रॅक्टरला सीट एकच असते, दुसरी नसते, एवढं साधं आहे. बाप स्वतः उचलून बसवतो तिथं मी काय बोलणार, पण यंदा पालकसभेत बोललो. दोघं उठून गेले.

---

मोसंबीची बाग | मंगळवार, सकाळी ८.००

गुरुजी, उठून गेलेल्यांत आमचे मेव्हणे नसतील अशी आशा करतो.

श्रेडरवाल्यांसाठी अजून एक. रेडिएटरची जाळी कपाशीच्या भुशानं तासाभरात भरते, गाडी तापते. सायलेन्सरजवळ आणि गिअरबॉक्सवर वाळलेला भुसा साचतो तो वेगळा, त्यानं आग लागते. दर तासाला थांबून साफ करायचं. ते पण चालू ठेवूनच करतात लोक, हातात फडकं आणि पुढं फिरता पंखा. पुन्हा बॅटरीच आली बघा.

---

दुधनाकाठ | गुरुवार, रात्री १०.२०

सगळ्यांना राम राम. आज दीड एकर संपलं, म्हणून आलो.

मंगळवारी पोराच्या घरी गेलो. तो दारात आला आणि मला बघून परत आत जायला निघाला. म्हणलं, भांडायला नाही आलो, बॅटरी दाखव. ट्रॅक्टर मालकाचा, हा रोजावर. बॅटरी गेल्या पावसाळ्यापासून गेलेली. मालकाला तीनदा म्हणला, मालक म्हणतो सीझन झाल्यावर बघू. त्या दिवशी बंद का केला नाही, तर त्याच्या मागच्याच आठवड्यात एका रानात बंद पडला होता आणि ओढून काढायला दुसऱ्या ट्रॅक्टरला दिलेले पैसे याच्या रोजातून कापले होते. आता सांगा, कुणाला बोलायचं?

मालकाकडं गेलो. आधी चढला. मग मी निलंग्याच्या ताईंची पोस्ट वाचून दाखवली, पूर्ण, शेवटच्या ओळीसकट. काही बोलला नाही, पण काल नवी बॅटरी बसली. कव्हर ग्रीसगन भाऊंनी सांगितलं तसं माप घेऊन मागवलंय, यायला वेळ आहे, म्हणून तोवर लांब बोल्ट काढून बरोबर पिन बसवली आणि पीटीओ चालू असताना कुणी पंधरा पावलांच्या आत यायचं नाही असं ठरवलं. साखळ्यांची झालर पुढून तुटलेली होती, ती वेल्डिंगवाल्याकडून पुरी करून घेतली. काल दिवसभर मी आणि भावजय रानात फिरून नळ्या, सुतळ्या गोळा केल्या. दोन साड्या निघाल्या. पैठणी नव्हती.

चावीचं पोरानंच डोकं लढवलं. लाल दोऱ्यात ओवून करदोट्याला बांधली. उतरायचं तर चावी काढल्याशिवाय उतरताच येत नाही, दोरा ओढतो. आज मोजून अकरा वेळा बंद केला, अकरा वेळा एका सेल्फात चालू झाला. काका धुऱ्यावर खाट टाकून बसले होते, हाताला प्लास्टर, उपरणं डोक्याला गुंडाळून टोकं आत खोचलेली. दुपारी काकू चहा घेऊन आली तर पोरानं तिच्यासाठी पण ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरून कप घेतला. काकू म्हणली, एवढा मान आमच्या जावयानं दिला नाही.

---

जुनं स्टेअरिंग | गुरुवार, रात्री १०.४५

करदोटा कधीतरी तुटतो, मग चावी सगळी कुट्टी उलथून शोधत बसाल. जोड चावी घरी ठेवा. आणि ती कव्हराची साखळी कितीला मिळते ते कळवा, आमच्या कुत्र्याची काढणं आता शक्य नाही.